सीव्ही काढू नका रे बाबांनो!

सीव्ही म्हणजे बायोडेटा नव्हे. अप्रेझलच्या दिवसांत शीर्षक वाचून ज्यांच्या काळजात धस्स झालं असेल त्यांनी निवांत व्हावं. हा सीव्ही मोटरसायकलचा. कॉन्स्टंट व्हेलॉसिटी कार्बोरेटर.

झालं असं की मागच्या शुक्रवारी ऑफिसातल्या एका मित्राचा मेसेज आला. त्याने जुनी पल्सर घेतलीय, तिला खडबडीत टायर टाकलेत आणि आता 'ऑफ-रोडसाठी' तिचा मूळ कार्बोरेटर काढून त्याजागी 28 मिमीचा फ्लॅट स्लाइड बसवणार आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतोय म्हणे. शेवटी विचारलं होतं, 'तू पण टाकला होतास ना? कसा आहे?'

टाकला होता. कसा आहे ते चार ओळींत सांगता येण्यासारखं नाही, म्हणून हा शनिवार त्यात घालवतोय. आई मघाशी दोनदा येऊन गेली, कारण जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून त्यावर तीन कार्बोरेटर उघडून ठेवलेत आणि अख्ख्या घराला पेट्रोलचा वास येतोय. आंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये वर्कशॉप म्हणजे हेच टेबल. असो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना थांबायला नको. आपण जे ऑफ-रोड करतो, म्हणजे शनिवारी पहाटे निघून टिटवाळा, गोवेली, मुरबाड, टोकावडे करत माळशेजच्या पायथ्याशी एखाद्या कच्च्या रस्त्यावर घुसायचं, एखादा ओढा ओलांडायचा, दगडांच्या चढावर धडपडायचं आणि सोमवारी शहाणं होऊन नऊच्या मीटिंगला बसायचं, त्यासाठी सीव्ही कार्बोरेटर हाच योग्य आहे. फ्लॅट स्लाइड वाईट नाही. पण तो ज्या हातांसाठी बनलाय ते हात आपले नाहीत.

आता थोडं तंत्र. घाबरू नका, सोपं आहे.

कार्बोरेटर म्हणजे मधे अरुंद केलेली एक नळी. इंजिन हवा ओढतं, अरुंद भागात हवेचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जाऊन फवारलं जातं. बास, एवढंच. सगळी गंमत आहे ती हा अरुंद भाग कमी-जास्त कोण करतं यात.

पहिला प्रकार, साधा गोल स्लाइडचा. बाबांच्या आरएक्स 100 ला आहे तो, मिकुनीचा व्हीएम. एक नळकांडं वर-खाली होतं, त्याला खाली सुई लावलेली असते आणि वरून थ्रॉटलची केबल सरळ त्याला बांधलेली. तुम्ही मनगट फिरवलं की नळकांडं वर. मधे कोणी नाही. बाबा एनआरसीत होते, शिफ्टला याच गाडीवर जायचे. 2009 मध्ये कंपनी बंद झाली, गाडी राहिली. आजही बाबा तिचा कार्बोरेटर एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पाना घेऊन वीस मिनिटांत उघडून, फुंकर मारून परत बसवतात. बिघडण्यासारखं त्यात फार काही नाहीच.

दुसरा प्रकार सीव्ही. पल्सर 150 आणि 220, जुन्या यूसीई इंजिनाची क्लासिक 350 अशा कितीतरी गाड्यांना हा आला. यात तुमची केबल स्लाइडला बांधलेलीच नसते. ती एक चपटी झडप उघडते, तिला बटरफ्लाय म्हणतात. स्लाइड वेगळी असते आणि तिच्या डोक्यावर रबराचा पातळ पडदा असतो, डायफ्राम. इंजिन खरोखर जेवढी हवा ओढतं, तेवढाच तो पडदा स्लाइडला वर उचलतो. तुम्ही मनगट खाडकन फिरवलंत तरी स्लाइड म्हणते, थांब, इंजिनाला झेपेल तेवढंच. त्यामुळे अरुंद भागातला हवेचा वेग फारसा पडत नाही. म्हणून नाव कॉन्स्टंट व्हेलॉसिटी.

तिसरा फ्लॅट स्लाइड. पहिल्यासारखाच, केबल सरळ स्लाइडला, पण नळकांड्याऐवजी चपटी पट्टी. हवेला अडथळा कमी, प्रतिसाद चटकन. यातही दोन जाती आहेत आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. टू-स्ट्रोक मोटोक्रॉसवर लोकप्रिय झालेला केहिनचा पीडब्ल्यूके, त्याला पंप नसतो. आणि फोर-स्ट्रोक मोटोक्रॉसवाल्यांचा एफसीआर, त्याला अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो. 1998 च्या यामाहा वायझेड 400 एफवर होता तो हाच. थ्रॉटल झटकन उघडला की पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो.

पिचकारी कशाला? तर स्लाइड एकदम वर गेली की अरुंद भाग एकदम रुंद होतो, हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल ओढलं जात नाही. हवा हलकी, लगेच धावते. पेट्रोल जड, मागे राहतं. क्षणभर इंजिनात नुसती हवा जाते आणि ते 'ब्वाऽऽ' करून गुदमरतं. पंप ती फट भरून काढतो. सीव्हीमध्ये ती फट फारशी पडतच नाही. आणि पंप नसलेल्या फ्लॅट स्लाइडमध्ये? तिथे तुमचं मनगट हाच पंप. म्हणजे हळूहळू, अंदाज घेत फिरवा.

आता सांगा, दगडांच्या चढावर मनगट हळूहळू फिरतं का?

माझी गोष्ट 2024 च्या मे महिन्यातली. असाच एक नाव-गाव नसलेला 28 मिमीचा, पीडब्ल्यूकेची नक्कल असलेला कार्बोरेटर मी माझ्या पल्सर 150 ला बसवला होता. घरासमोर रेस दिली की आवाज काय सुंदर यायचा! कल्याणपर्यंत गाडी पळायचीही मस्त. दुसऱ्याच रविवारी टोकावड्याच्या पुढे एका बैलगाडीच्या रस्त्यावर गेलो. सोबत मावसभाऊ, त्याच्या स्प्लेंडरवर. (ती स्प्लेंडर कुठेही जाते, हा वेगळ्या लेखाचा विषय.) एका चढावर सुटी खडी होती. मी अडकलो, म्हणून तो स्प्लेंडर खाली लावून मागून धक्का द्यायला आला.

पहिला गिअर, क्लच सोडला, गाडी हलली. पुढचं चाक दगडावर आपटलं, मी मागे फेकलो गेलो, आणि मागे फेकलेला माणूस जे करतो तेच केलं: हँडल घट्ट धरलं. घट्ट धरताना मनगट फिरलं. थ्रॉटल अख्खा उघडला, इंजिन गुदमरलं, बंद पडलं. खडीवर पुढचा ब्रेक लागून काही उपयोग झाला नाही. गाडी मागे सरकली, आडवी झाली, आणि माझ्या मावसभावाचा घोटा तिच्याखाली आला.

फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. तो तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे मोहन्याच्या रस्त्यावर पळायचा, 1600 मीटरचा वेळ वहीत लिहायचा. त्या वर्षीच्या मैदानी चाचण्या जूनमध्ये सुरू झाल्या. तो जून त्याने आमच्या सोफ्यावर पाय उशीवर ठेवून काढला. मला एका शब्दाने बोलला नाही. 'दादा, तुझी काय चूक, दगड होता,' म्हणाला. दगड होताच. पण तो दगड डोंगरातला होता, डोंगरात दगड असणारच. कार्बोरेटर मी निवडला होता.

नंतर मोहन्यातल्या आमच्या मेकॅनिक काकांकडे गाडी नेली. त्यांनी एकदा त्या चकचकीत वस्तूकडे पाहिलं आणि विचारलं, "आधीचा खराब झाला होता का?"

"नाही काका."

"मग काढला कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते 'एका व्हिडिओत पाहिलं' असं होतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांना सीव्हीचं काम एका शब्दात कळेल: डीबाउन्स. बटण थरथरलं म्हणून दहा क्लिक मोजायचे नसतात, तसंच हात थरथरला म्हणून दहा वेळा पेट्रोल सोडायचं नसतं. खराब रस्त्यावर थ्रॉटलकडे जाणारा निम्मा इनपुट हा तुमचा निर्णय नसतोच, तो खड्ड्यांचा निर्णय असतो. सीव्ही तो गाळून घेतो. लोक याच गाळणीला 'लॅग' म्हणून शिव्या घालतात. सर्किटवर ठीक आहे हो. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे असताना तो लॅग तुमच्या बाजूने असतो.

आता दुसरी बाजू. एफसीआर वाईट आहे असं मी म्हणणारच नाही. सुझुकीची डीआर-झेड 400 घ्या. तिच्या रस्त्यावर चालणाऱ्या एस मॉडेलला मिकुनीचा 36 मिमीचा सीव्ही होता आणि डोंगरात पळणाऱ्या ई मॉडेलला केहिनचा 39 मिमीचा एफसीआर. ई जास्त ताकदवान. तिचं कॉम्प्रेशनही जास्त होतं, त्यामुळे सगळं श्रेय कार्बोरेटरला देता येत नाही, पण फरक खरा आहे. ज्याला समोरच्या उंचवट्यावरून उडी मारायची आहे आणि नेमक्या क्षणी ताकद हवी आहे, त्याला एफसीआरच हवा. पण तो माणूस आठवड्यातून चार दिवस सराव करतो, मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर तेच वळण शंभर वेळा घेतो. आणि कावासाकीची केएलआर 650 बघा. जगभर वाळवंटं नि डोंगर पालथे घालणाऱ्यांची लाडकी गाडी. 1987 पासून 2018 पर्यंत तिच्यावर केहिनचा 40 मिमीचा सीव्हीच होता. तीस वर्षं कोणी येड्यासारखं ठेवत नाही.

घरचं उदाहरण हवं? बजाजने 2007 मध्ये पल्सर 220 ला फ्युएल इंजेक्शन दिलं आणि 2009 मध्ये तीच गाडी पुन्हा कार्बोरेटरवर आणली. तोही सीव्हीच होता. स्वस्त पडतो, मेकॅनिकला कळतो आणि चालतो.

क्वाडचं काय, असंही विचारणारे भेटतात, कारण आता रिसॉर्टवर आणि अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर सगळीकडे त्या चारचाकी फटफट्या दिसतात. क्वाडवर माझा मुद्दा दुप्पट लागू होतो. तिथे थ्रॉटल मनगटाने नाही, अंगठ्याने दाबायचा असतो. गाडी उसळली की अख्खं शरीर त्या अंगठ्यावर येतं. म्हणून किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या छोट्या 110 सीसी क्वाडवर, जिथे कार्बोरेटर साधा स्लाइडचा असतो, थ्रॉटलच्या दांडीला एक आडवा स्क्रू दिलेला असतो. तो आत पिळला की दांडी पूर्ण दाबलीच जात नाही. म्हणजे तिथेही बनवणाऱ्याने तुमच्या अंगठ्यावर विश्वास ठेवलेला नाही! मोठ्या क्वाडमध्ये यामाहा रॅप्टर 660 ला 33 मिमीचे दोन सीव्ही होते, सुझुकी एलटी-झेड 400 ला 36 मिमीचा एक. शर्यतीसाठी बनलेल्या होंडा टीआरएक्स 450 आरला मात्र एफसीआर. बघा, वाटणी तीच. कामाला आणि भटकंतीला सीव्ही, शर्यतीला एफसीआर.

सीव्हीचे दोष लपवणार नाही. डायफ्राम रबराचा आहे, जुना झाला की त्याला बारीक चीर जाते आणि गाडी अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे उचलतच नाही. उजेडासमोर धरून ताणून पाहिलं की चीर दिसते. डोंगरात ते दुरुस्त होत नाही, म्हणून दोन-तीन वर्षांनी नवा टाकावा. आणि एअर फिल्टरची डबी काढून उघडा फिल्टर लावू नका. सीव्हीला शांत हवा लागते, नाहीतर स्लाइड नाचायला लागते. हे दोन सांभाळले की झालं.

खरं तर फ्लॅट स्लाइडवर घालवायचे पैसे आणि वेळ तीन गोष्टींवर घालवा.

पहिली: कार्बोरेटरच्या वाटीला हवा लागण्यासाठी ज्या बारीक नळ्या खाली सोडलेल्या असतात, त्या बघा. ओढ्यात त्यांची टोकं पाण्यात बुडाली की वाटीत हवा शिरत नाही, पेट्रोलचा प्रवाह अडतो आणि गाडी बंद पडते. लोक म्हणतात पाणी इंजिनात गेलं. बऱ्याचदा गेलेलं नसतं. त्या नळीला एक टी-जोड लावा आणि एक टोक टाकीखाली उंच बांधून ठेवा. खर्च वडापावाचा.

दुसरी: घाटात हवा विरळ होते म्हणून जेट बदलायचा विचार सोडा. माळशेज सातशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवा कल्याणपेक्षा साधारण साडेसहा टक्के विरळ. कार्बोरेटरमधून येणारं पेट्रोल हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणजे मिश्रण रिच होतं ते जेमतेम साडेतीन टक्के. गाडीला कळतही नाही. हेच गणित 5,359 मीटरच्या खारदुंग ला वर तीस टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून लडाखला जुन्या गाड्या काळा धूर सोडतात. सह्याद्रीसाठी लडाखचे सल्ले वापरू नका.

तिसरी, आणि ही जास्त महत्त्वाची: इथेनॉल. 2025 मध्ये देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला गेला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे निव्वळ पेट्रोलवर बेतलेल्या जेटला हे मिश्रण जवळपास 8 टक्के लीन पडतं. म्हणजे माळशेजच्या दुप्पट, आणि उलट्या दिशेला. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते पाहून सांभाळून घेतो. कार्बोरेटरला डोळे नाहीत. सकाळी उशिरा स्टार्ट होणं, मधेच मिसिंग, तापणं, ही लक्षणं दिसली तर प्लगचा रंग बघा, पांढरा पडला असेल तर मेन आणि पायलट जेट एकेक नंबर वाढवून घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला त्रास देतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कशाला? 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि काही अपवाद सोडले तर नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर गेलाच. हिमालयनसुद्धा 2016 ला कार्बोरेटरवर आली आणि पुढच्याच वर्षी इंजेक्शनवर गेली. खरंय. नवी गाडी घेणार असाल तर हा लेख विसरा, इंजेक्शन दोन्हीपेक्षा सरस आहे. पण आपल्यातल्या किती जणांचं पहिलं ऑफ-रोड नव्या गाडीवर होतं? ते होतं वडिलांच्या गाडीवर, नाहीतर माझ्या मित्राने घेतली तशा सेकंडहँड गाडीवर. जिच्यावर प्रयोग करायला भीती वाटत नाही, तिच्यावरच आपण प्रयोग करतो. आणि प्रयोगाची किंमत दर वेळी आपणच भरतो असं नाही. मी भरली नाही. माझ्या भावाने भरली.

मूळ सीव्ही बुटांच्या खोक्यात पडून होता. साफ करून, नवा डायफ्राम टाकून काकांनी बसवून दिला. पुढच्या जानेवारीत मी त्याच चढावर गेलो. दिमाखात चढलो वगैरे काही नाही, दोनदा थांबलो, एकदा उतरून ढकलली. पण मनगट दचकलं तेव्हा इंजिन फक्त किंचित गुरगुरलं आणि चालत राहिलं. त्या दिवशी मागे कोणाला उभं केलं नव्हतं.

मावसभाऊ पुन्हा पळतोय. पहाटे पाचला, त्याच रस्त्यावर. घोटा थंडीत दुखतो म्हणतो. वय थांबत नाही आणि भरती दर वर्षी निघत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कधी कधी मी मागून आरएक्स 100 वर, मोबाइलवर वेळ लावून, हळूहळू जात असतो.

तर मित्रा, तुझ्या मेसेजचं उत्तर: तो 28 मिमीचा माझ्याकडे पडून आहे, फुकट देऊ शकलो असतो. देणार नाही. रविवारी गाडी घेऊन आंबिवलीला ये, तुझ्या सीव्हीचा डायफ्राम बघू, टी-जोड लावू. आई पोहे करेल. टेबल मात्र तू पुसायचंस.